बोगद्यानंतरचं वळण

बोगदा संपला, उजेड अंगावर आला आणि वीरभद्रप्पांची गाडी पुन्हा भिंतीला जाऊन धडकली. पुढचं चाक निखळून रस्त्यावर गडगडत गेलं. तुम्ही ठीक आहात ना, अशी टीव्हीतला इंजिनिअर इंग्रजीत चौकशी करू लागला.

"कसला ठीक हाय!" वीरभद्रप्पांनी स्टीअरिंगवर थाप मारली. "गप बस की!"

चाटी गल्लीतलं कापड दुकान पुतण्याच्या हाती दिल्यापासून हा उद्योग चालला होता. मुलगी शिवानी नोकरीसाठी हैदराबादला गेली, ती आपलं व्हिडिओ गेमचं स्टीअरिंग आणि पेडल घरीच ठेवून. वीरभद्रप्पांनी सहज हात घातला आणि अडकले. अगदी खालच्या शर्यतींपासून त्यांनी करिअर इथवर ओढत आणलं होतं. आता टीम चांगली मिळाली होती, पण तिची अट होती. सान कोर्दाला पहिल्या दहांत या, नाहीतर करार संपला.

सान कोर्दा म्हणजे समुद्राकाठच्या गावातल्या गल्ल्या. दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये जेमतेम दोन गाड्यांची वाट. मंगळवार पेठेत समोरचा रिक्षावाला शिव्या देत का होईना, मागं तरी घेतो. इथं मागं घेणारं कोणीच नाही. शेवटची रेषा ओलांडेपर्यंत शर्यत पहिल्यापासून सुरू करता यायची, आणि त्या सोयीपायीच त्यांच्या दुपारच्या दुपारी वाया चालल्या होत्या.

शेवटी त्यांनी शिवानीला फोन लावला.

"अप्पा, बोगद्यातच ब्रेक मारा."

"मारतो की. मग मागचा पुढं जातो."

"जाऊ दे त्याला. नाहीतर डिफिकल्टी कमी करा."

"आणि मग जिंकलं कोण? मी का ते मशीन?" त्यांनी फोन ठेवूनच दिला.

चीड याची, की एकट्यानं सराव करताना तेच वळण सहज जमायचं. मागं गाड्या लागल्या की हात बिघडायचा.

"अहो री, भाकरी वाळून चालली," त्यांच्या बायको सावित्रम्मा दारात येऊन म्हणाल्या.

"ही एवढी शर्यत."

"सकाळपासून एवढीच चाललीय!" वैतागून त्यांनी हातातला ओला नॅपकिन भिरकावला. तो टीव्हीच्या वरच्या कडेवर लोंबकळला. पडद्याची वरची पट्टी झाकली गेली, आणि तिच्यातला मागचं दाखवणारा आरसाही.

शर्यत सुटली होती, उठायची सोय नव्हती. वीरभद्रप्पा दातओठ खात चालवत राहिले. बोगद्यात सवयीनं नजर वर गेली, तर तिथं नॅपकिन. नजर खाली आली, तर वळण समोरच. त्यांनी ब्रेक दाबला आणि भिंत बाजूनं निघून गेली. पुढच्या फेरीतही तसंच झालं. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की इतके दिवस आपण वळणाकडं बघतच नव्हतो, मागून कोण येतंय तेच बघत होतो.

"काढू का तो?" सावित्रम्मांनी विचारलं.

"हात लावू नको!"

रेषा ओलांडली तेव्हा ते दहावे होते. खुर्ची मागं सारून ते उठलेच. तेवढ्यात निकाल आला. अकरावे.

मधे एका कोपऱ्यावर त्यांची चाकं वळण कापत कडेच्या रेषेच्या आतून गेली होती. त्याचा काही सेकंदांचा दंड लागला होता. इशारा वरच्या पट्टीत येऊन गेला होता, नॅपकिनच्या मागं.

"म्हणजे माझ्यामुळं?" सावित्रम्मा हळूच म्हणाल्या.

वीरभद्रप्पांना ओरडायचं होतं, पण कोणावर तेच कळेना. टीमनं आभार मानून करार संपवला. पडद्यावर खाली सगळ्यात मागच्या टीमची ऑफर आली होती.

"यांची काय अट हाय?" सावित्रम्मांनी विचारलं.

"शर्यत पुरी करायची, बस."

"मग घ्या की. आणि जेवायला चला."

त्यांनी धुसफुसतच बटण दाबलं. पहिला घास घेतात तोच शिवानीचा फोन आला.

"काढून टाकलं मला," ते म्हणाले. "पण ते वळण! ऐक, बोगद्यातून बाहेर आलं की..."

ते बोलतच सुटले. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. सावित्रम्मांनी फोन काढून घेतला. "शिवानी, तुझे अप्पा जेवून बोलतील."