कानातली लाल तार

मी एक जुना बिडाचा साचा आहे. सहा खळग्यांचा, दोन बाजूंना दोन कान असलेला. तुमच्या घरातल्या आप्पेपात्राचा दूरचा भाऊ म्हणा ना. मित्रांनो, जुनी भांडी आपली कहाणी सांगताना गहिवरतात, असं ऐकून आहे. मी रागावलेलो आहे. ते आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात ओलेटा लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या आईने मला तिच्या हाती दिलं. पहिल्याच आठवड्यात तिने मला दगडी पायरीवर पाडलं आणि माझ्या कोपऱ्यातल्या खळग्याचा टवका उडाला. ती रडली. मी नाही. पुढे चौदा वर्षं दर रविवारी मी तिला मक्याचे सहा छोटे पाव भाजून दिले. आमच्याकडे बिडाच्या भांड्याला साबण लावत नाहीत, चरबीचा हात फिरवून ठेवतात. त्यामुळे माझं अंग कसं काळंभोर, तुकतुकीत. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि परत द्यायला मुद्दाम विसरायच्या.

मग तिच्या नवऱ्याची, डेन्झिलची, नजर माझ्यावर पडली. डेन्झिल शिकारीच्या गोळ्या घरीच ओतायचा, आणि त्यासाठी काही विकत आणायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटायचा. मोडक्या कुदळीच्या दांड्याला सूपचा मोठा चमचा बांधून त्याने पळी केली होती. गाड्यांच्या चाकांना लावतात ती शिशाची जुनी वजनं गॅरेजवाल्याकडून आणायची, फुटक्या कानाच्या कढईत वितळवायची, मेणबत्तीचा तुकडा टाकून वर येणारी मळी काढायची. गोळ्यांचा साचा ठोकायला कुऱ्हाडीच्या दांड्याचा ठोकळा, गोळ्या झेलायला जुना टॉवेल. शेजारचे शिकारी म्हणायचे, याच्या शेडमध्ये विकतचा फक्त याचा शर्ट आहे. उरलेल्या शिशाच्या वड्या पाडायला तेवढं काही नव्हतं. एका दुपारी त्याने मला कोटाखाली लपवून शेडमध्ये नेलं.

ओलेटाने सगळं घर धुंडाळलं. डेन्झिल म्हणाला, तुझ्या मैत्रिणींपैकीच कुणीतरी दाबून ठेवला असणार. तिचं दोन शेजारणींशी बोलणं बंद झालं, मित्रांनो. माझ्यामुळे नव्हे, त्याच्यामुळे.

कामाबद्दल माझी तक्रार नाही. शिसं जड, पण सरळ. चमकत यायचं, थंड झालं की गुमान सुटायचं. पण आमच्या खोऱ्यात ओतकाम करणाऱ्यांचा एक नियम आहे. जे भांडं शिशाला लागलं, त्याच्या कानाला भोक पाडून लाल तार ओवायची, म्हणजे ते चुकूनही पुन्हा चुलीवर चढत नाही. शिसं विष आहे. बिडाच्या अंगात मुरलं की घासून जात नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूलाच धरतं. पळीला तार होती, कढईला तार होती. मला नव्हती. सासूबाईंचं भांडं, त्याला भोक कसं पाडू, असं डेन्झिल स्वतःशी पुटपुटायचा. चोरायला हात धजला, भोक पाडायला धजला नाही!

पुढे त्याचे हात थरथरायला लागले, ओतकाम थांबलं, मी बाकाखाली गंजत पडलो. वीस वर्षं. गेल्या पानगळीत त्याची सून डार्ला शेड आवरायला आली. गंजलेलं बीड आमच्या डोंगरात कुणी टाकून देत नाही, त्याला पुन्हा माणसात आणतात. तिनेही मला वाळूने घासलं, चरबी चोळली. सासूला चकित करायचं म्हणून कुणाला काही बोलली नाही.

रविवारी टेबलावर राजमा, तळलेले बटाटे आणि मधोमध मी, सहा पावांसकट. डेन्झिलने मला पाहिलं. एक शब्द पुरला असता. त्याने मान खाली घातली आणि चमच्याने राजमा चिवडू लागला. समोर त्याची पाच वर्षांची नात केसी पावाला लोणी फासत होती. मला तोंड असतं तर कौलं उडाली असती.

ओलेटाचा अंगठा माझ्या टवक्यावर आला आणि तिथेच थांबला.

"अगं, हा तर माझ्या आईचा साचा. कुठे सापडला तुला?"

"शेडमध्ये, आई. बाबांच्या बाकाखाली. इतका गंजला होता म्हणून सांगू."

ओलेटाने आधी केसीच्या हातातला पाव काढून घेतला. नंतर विचारलं, "यात काय ओतलंस, डेन्झिल?"

"शिसं," तो ताटाला म्हणाला.

"आणि मुकाट राजमा चिवडत बसलास."

"आजी, माझा पाव," केसी म्हणाली.

"हा पाव नाही, बाळा. ही आजोबांची गोळी आहे."

जेवण तिथेच थांबलं. तिने त्याला शेडमध्ये नेऊन सगळ्यांदेखत माझ्या कानाला भोक पाडायला लावलं. त्याचा हात हलत होता, म्हणून मला घट्ट धरून तीच उभी राहिली. मग ती शेजारणींची माफी मागायला निघाली. एक भेटली. दुसरी दोन वर्षांपूर्वीच वारली होती.

मित्रांनो, आपल्याला काय लागलंय ते भांडं सांगू शकत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं. लाज वाटत असेल तर लाजत लाजत सांगा, पण घास उचलण्याआधी सांगा.

आता मी शेडच्या भिंतीवर लाल तारेने टांगलेला असतो. ओलेटा अधूनमधून येते, माझ्या टवक्यावरून अंगठा फिरवते. जाताना अंगणातल्या नळावर दोनदा साबण लावून हात धुते. घरात होतो तेव्हा ती साबण माझ्या आसपाससुद्धा येऊ देत नसे. धुऊ दे. माझा राग तिच्यावर नाही.