डेलो नॅमो

मिसेस ट्रिंडर शुक्रवारी दुपारी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "क्लिफ, आज कोकराचा खांदा दे. उद्या आमच्या वॉल्टरचा वाढदिवस."

वॉल्टर म्हणजे त्यांचा नवरा, जाऊन नऊ वर्षं झालेला. तरी त्या दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला खांदा भाजायच्या, पुदिन्याच्या चटणीबरोबर. आम्हाला त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं. जास्त कधी विचारलंच नाही, कशाला विचारतोय!

माझे मालक पिलबीम हूकवरच्या मांसाकडे बघत सहज म्हणाले, "डेलो नॅमो. डेलो दे."

हे वॉलवर्थमधल्या आमच्या दुकानाचं गिऱ्हाइकासमोरचं बोलणं. लंडनच्या खाटकांची जुनी खोड आहे ती. इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं वाचायचं, बस्स. 'ओल्ड' म्हणजे जुनं, त्याचं 'डेलो'. 'वुमन'चं 'नॅमो'. वाईट ते 'डॅब', चांगलं ते 'डूग'. आज अख्खा देश टवाळ पोराला 'यॉब' म्हणतो ना, तो उलटा केलेला 'बॉय'च. त्याचं श्रेय खाटकांना कोण देतंय म्हणा! तर मालकांच्या बोलण्याचा अर्थ एवढाच, की म्हातारी आहे, मंगळवारचा शिळा तुकडा खपव.

मी तो काढला. कडा काळपट पडल्या होत्या, त्या सुरीने खरवडल्या. खोटं कशाला बोलू, मला त्यात काही वाटलं नाही. आठवड्यातून दोनदा तरी मी त्यांना डेलोच देत होतो.

कागद गुंडाळायला घेतला तेवढ्यात मिसेस ट्रिंडर म्हणाल्या, "आज डेलो नको, क्लिफ. आज डूग."

माझा हात जागच्या जागी थांबला. मालकांचं तोंड तर बघण्यासारखं झालं होतं.

"बाई, तुम्हाला कळतं?" मी विचारलं. प्रश्नच मूर्खासारखा.

"वॉल्टर बत्तीस वर्षं खाटीक होता. पलीकडे कॅम्बरवेलला. घरी जेवतानासुद्धा हेच बोलायचा मेला. मुलांसमोर, पाद्र्यासमोर, कोणासमोरही."

"म्हणजे इतकी वर्षं सगळं..."

"सगळं ऐकलं. माझ्या टोपीबद्दल बोललात तेही."

मालक लालबुंद झाले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी त्या दिवशीचा सगळ्यात उत्तम खांदा आणला आणि स्वतःच्या हाताने बांधून दिला. बाई "थँक यू" म्हणून निघून गेल्या.

त्यानंतर मालकांनी हुकूम काढला, बाईंसमोर तोंड उघडायचं ते सरळ. मी पाळला. त्या आल्या की "नमस्कार बाई, काय देऊ बाई, हवा काय छान आहे बाई." मांस ताजं, वागणं सोज्वळ. लाज वाटत होती ना!

पण बाईंना काय झालं कोण जाणे. पुडकं घेतलं तरी जायच्या नाहीत. काउंटरपाशी उभ्या राहून एकदा माझ्याकडे, एकदा मालकांकडे बघायच्या. पुढच्या आठवड्यांत आठवड्यातून दोनदा येणं एकदावर आलं. मग एक आठवडा आल्याच नाहीत.

पुन्हा आल्या तेव्हा मी न राहवून विचारलं, "बाई, अजून रागावलात का आमच्यावर?"

"रागावले असते तर नऊ वर्षांपूर्वीच दुसरं दुकान धरलं असतं," त्या म्हणाल्या. "डेलो मांस मी मांजराला घालायचे. मी काय मांसासाठी येत होते? वॉल्टर गेल्यापासून तसं बोलणारं माझ्या घरात कोणी नाही. इथे ऐकायला मिळायचं. आता तुम्ही दोघं बँकेतल्या माणसांसारखं बोलता."

मालक चाकूला धार लावत होते, ते थांबले. त्यांनी घसा खाकरला, माझ्याकडे वळले आणि चांगले मोठ्यानं म्हणाले, "क्लिफ, डेलो नॅमो आली बघ. टोपी अजून तीच. डॅब!"

मिसेस ट्रिंडर काउंटरला धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या दिवशी त्यांनी पाव किलो सॉसेज घेतले आणि दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.