पानओव्याचं वाण

"संक्रांत झाली की गच्ची रिकामी करा, उल्काताई. वॉटरप्रूफिंग आहे. आणि नंतरही ते भंगार वर नको," आमच्या खराडीच्या सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथराव जिन्यात उभ्याउभ्या म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

भंगार! माझ्या बागेला! फुटक्या कुकरमध्ये टोमॅटो लगडलेत, माझ्या मुलाच्या, सौमित्रच्या हेल्मेटमध्ये चिनी गुलाब फुललाय. पुण्यात हेल्मेट डोक्यावर घालतं कोण? निदान फुलं तरी येतात. आमचे हे गेल्यापासून सकाळी अंथरुणातून उठायचं मला एकच कारण उरलंय, ती गच्ची. ती गेली तर मी दिवसभर टीव्हीपुढे बसून सुनेच्या चुका काढत राहीन, हे मला पक्कं ठाऊक होतं. सुनेलाही ठाऊक होतं, म्हणून ती माझ्या बाजूने होती.

म्हटलं, थांबा, दाखवतेच भंगार म्हणजे काय ते. आमच्या सोसायटीत सवाष्ण-विधवा असा भेद नाही, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही सगळ्याच बायका एकमेकींना वाण देतो. गाळण्या, डबे, वाट्या. घरी नेलं की सगळं थेट माळ्यावर. मी माळाच खाली उतरवला. वाणाची, बारशाची, वास्तुशांतीची, जी म्हणून भांडी मिळालेली होती ती सगळी काढली. खिळा-हातोडी घेऊन बुडाला भोकं पाडली, भाजीच्या सालींचं घरचं खत भरलं आणि प्रत्येकात पानओव्याची फांदी खोचली. बाहेरून जुन्या इरकलीचे काठ गुंडाळून शिवले. संक्रांतीपर्यंत फांद्यांनी मुळं धरली, नवी पानं फुटली. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू! माझीच मला दृष्ट काढावीशी वाटली.

हळदीकुंकवाला बायका हरखून गेल्या. आमची नम्रता तर सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, तुम्ही भारी आहात!" सून असं म्हणते तेव्हा ते दोनदा ऐकावं, म्हणून मी "काय म्हणालीस?" असं विचारलंसुद्धा.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी झाडांना पाणी घालत होते, तर दीनानाथराव गच्चीत हजर. हातात त्यांची बायको कादंबरी हिला मी दिलेली वाटी. इरकलीचा काठ मातीने मळला म्हणून तिने तो धुवायला काढला होता. उघड्या स्टीलवर कोरलेलं होतं, 'कै. मुक्ताई यांच्या स्मरणार्थ'.

अगं आई गं! मुक्ताई म्हणजे दीनानाथरावांच्या आई. त्यांच्या वर्षश्राद्धाला अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाट्या वाटल्या होत्या. आणि मी ती श्राद्धाची वाटी हळदीकुंकवाचं वाण म्हणून दिली होती, तीही त्यांच्याच घरात, तीही बुडाला भोक पाडून! गच्ची तर गेलीच, आता तोंड दाखवायलाही जागा उरली नाही, असं वाटलं.

"चुकलं हो माझं. बघितलंच नाही मी. द्या इकडे, दुसरी देते," मी हात पुढे केला.

त्यांनी वाटी सोडली नाही. "आमच्याकडे यातली एकही नाही," ते म्हणाले. "सगळ्या वाटून टाकल्या. काल बिल्डिंगमध्ये विचारलं, तर कुणी मोडीत घातली, कुणाला आठवतच नाही. आईच्या नावाची ही एवढीच राहिलीय." मग एक पान चुरडून त्यांनी वास घेतला. "आई भजी करायची याची." त्यांचे डोळे भरून आले.

मला अवघडायला हवं होतं. पण खरं सांगते, छाती फुगली. सगळ्यांनी टाकलेलं माझ्या हातून जगलं होतं.

"मग गच्चीचं काय?" मी विचारून घेतलं. पुणेकर आहे, आलेली वेळ सोडत नाही.

"अर्धी अर्धी करून घेऊ. बाग इकडची तिकडे हलवा, नंतरही राहू दे वर," ते नाक पुसत म्हणाले. "आणि भोक पाडलंत ते बरंच केलंत. आता कादंबरीला ती कुणाला देता यायची नाही."

जिन्यापाशी जाऊन ते पुन्हा वळले. बैठकीत सगळ्यांना दटावणारा माणूस, आवाज मात्र अगदी बारीक झाला होता.

"मला झाडांतलं काही कळत नाही, उल्काताई. हे मरणार तर नाही ना?"

"छे हो! जितकं तोडाल तितकं वाढतं," मी म्हटलं. "भजी करा खुशाल."