चिमाबाईची गेरूची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. विटा-सिमेंटची नव्हे बरं! आत कारवीच्या काड्या आणि वर शेणमातीचा लेप. लोहगडवाडीच्या वरच्या अंगाला, खिंडीतून उतरताना पहिली मीच दिसते. त्याचा मला कोण तोरा होता!

दर दिवाळीला चिमाबाई मला रंगवायची. खाली गेरू, वर पांढरी माती. "गेरू म्हंजी धरणीमायचं रगात. ते वलांडून वंगाळ वारं घरात शिरत न्हाई," असं म्हणायची. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराची भिंत मात्र वर्षभर कोरी ठेवायची, अशी वाडीची रीत.

बासष्ट साली तिचा एकुलता एक बुधा लोणावळ्याला रेल्वेच्या कामावर गेला. चिमाबाई तेव्हा तापानं फणफणली होती. "जा रं, मी काय मरत न्हाई," ती म्हणाली. आणि महिनाभरात खडखडीत बरी झाली. पण दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या गंगीचं तान्हं बाळ गेलं. चिमाबाईनं कालवलेला गेरू बाजूला सारला. "पोरीच्या दारी अंधार, अन् मी रंग लावू व्हय?" गेल्या सालचा रंग पावसानं धुऊन नेलेला; मी कोरीच राहिले.

दिवाळीच्या पाडव्याला बुधा खिंडीत आला. मला कोरी पाहून तिथंच थबकला. अरे शहाण्या, चार पावलं उतर, हाक तरी मार! पण मला कुठलं तोंड? तो डोळे पुसत माघारी फिरला.

चार दिवसांनी त्याच्याच रेल्वेच्या टोळीत काम करणारा सीताराम वाडीत आला. दारात चिमाबाई तांदूळ पाखडत होती. पिशवी टाकून तो पुढं धावला. "मावशी, तू हायेस? बुधा म्हनला, भिंत कोरी दिसली, आय गेली. रडत गाडीत बसला. कुटं गेला, ठावं न्हाई."

चिमाबाई अनवाणी लोणावळ्यापर्यंत धावली. परत आली ती एकटीच. पुढं बारा वर्षं गेरू जरा उडाला की ती भरपावसातही माझ्यावरून गेरूचा हात फिरवायची. बुधा आला नाही.

शेवटच्या आजारात तिनं गंगीचा हात धरला. "माझ्यामागं भिंत कोरी ठिवू नगंस. रंगव. मी नसले तरी पोर दारापत्तर तरी यील."

गंगीनं वाडीची रीत मोडली. लोक लय बोलले. ती रडत रडत मला गेरू लावत राहिली.

मित्रांनो, दुरून भिंत बघून कुणाला गेलेलं समजू नका. दारापर्यंत जा, हाक मारा. त्या पाडव्याला चिमाबाई घरातच होती, बुधाच्या वाटणीची तांदळाची भाकर थापत.