न जळणारी तार

लोकांच्या मोटारी जळाव्यात, यावर मास्तरचं पोट होतं. हे तो स्वतःच हसत सांगायचा. गिरणीची असो, पंपाची असो, जळालेली मोटर त्याच्या दुकानात यायची. काळवंडलेली तार उपसायची, वेढे मोजायचे, नवी तार भरायची, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायची. तेवीस वर्षं हेच काम. हाताखाली कितीजण शिकून गेले, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

त्याची धाकटी बहीण शिकून एका प्रयोगशाळेत लागली. तांब्याच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो विजेला अडवतो, पण फार तापला की फुटतो आणि मोटर जळते. त्या वार्निशमध्ये डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक कण मिसळायचे, म्हणजे थर विजेला अडवेल आणि उष्णतेला मात्र वाट देईल, यावर तिथे काम चाललं होतं. पण कण गुठळ्या धरत, आणि गुठळी असेल तिथेच थर फुटे.

चाचणीच्या मोटारी भरून घ्यायला ती सुट्टीच्या दिवशी भावाकडे यायची. अकरा मोटारी भरल्या, अकराही जळाल्या. बाराव्या वेळी त्याने तिला भुकटी ओतताना पाहिलं.

"अशी कोरडीच ओततेस होय? उकळत्या पाण्यात पीठ टाकल्यासारखं? आधी थोड्या थिनरमध्ये कालव, चांगली सैल कर, मग वार्निशमध्ये घाल."

"दादा, हे पीठ नाहीये."

"गुठळी ती गुठळीच."

तिने तसं करून पाहिलं. ती मोटर भर तापात तीन आठवडे फिरली. मास्तर येता-जाता मोटारीच्या अंगावर तळवा ठेवायचा, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

पेटंटचे कागद तयार झाले तेव्हा बहिणीने प्रयोगशाळेच्या प्रमुखांसमोर भावाचा विषय काढला. ते म्हणाले, "मोटारी भरणाऱ्या वाइंडरचं नाव? लोक हसतील आपल्याला." तिच्या कायम नोकरीची फाईल त्यांच्याच टेबलावर होती. भावाचं नाव नसलेल्या कागदांवर तिने सही केली. भावाने विचारलं तेव्हा म्हणाली, "अजून कागदपत्रं चाललीयेत, दादा."

एका कंपनीने ते वार्निश घेतलं. त्या कंपनीच्या मोटारी बाजारात आल्या आणि जळेनात. तीन वर्षांत मास्तरच्या दुकानातल्या फळ्या रिकाम्या झाल्या. कंपनीचा माणूस एके दिवशी त्यालाच मोटारी विकायला ठेवा म्हणून गळ घालायला आला आणि एक रंगीत पुस्तिका देऊन गेला. आत प्रमुखांचा आणि बहिणीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं: कण आधी विरळ द्रावात सैल करून मग मिसळण्याची आमची अभिनव पद्धत.

तो तसाच बहिणीच्या घरी गेला. पुस्तिका टेबलावर ठेवून उभाच राहिला.

"बस ना, दादा."

"हे कधीचं?"

ती रडायला लागली. "मी बोलले होते रे. त्यांनी उडवून लावलं. आणि माझी नोकरी..."

"नोकरीचं कळतं मला. माझीही गेलीच की."

"मी तुझं नाव घातलं असतं तरी मोटारी जळायच्या थांबल्याच असत्या."

"थांबल्याच असत्या," तो म्हणाला. "पण गिरणीवाला मला म्हणाला, मास्तर, तुमचं काम कोणीतरी शहाण्याने संपवलं. त्याला मी म्हणालो असतो, तो शहाणा मीच. तेवढं तरी राहिलं असतं माझ्याकडे."

पाणी न पिता तो निघून गेला.

महिन्याभरात त्याने भट्टी भंगारात काढली आणि एका इमारतीत लिफ्ट सांभाळायचं काम धरलं. बहिणीने खटपट करून प्रयोगशाळेत त्याच्यासाठी जागा काढली, मदतनिसाची. आनंदाने फोन केला. फोन वहिनीने उचलला.

"ते कामावर गेलेत."

"वहिनी, मला आवाज येतोय त्याचा."

वहिनी हळूच म्हणाली, "येत असेल. पण ते कामावर गेलेत."