बेलाच्या पानापाशी थांबलेला शब्द

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, माझ्या पोटात हजारो शब्द आहेत आणि एके काळी मला त्याचा फार तोरा होता. किल्लारीच्या मल्लिकार्जुन गुरुजींनी मला हौसेनं विकत घेतलं. रोज संध्याकाळी महादेवीबाई भाकरी थापायच्या आणि गुरुजी चुलीपाशी बसून माझ्यातला एक अडनिडा शब्द बायकोला समजावून सांगायचे. खुणेला पूजेतलं बेलाचं पान.

त्र्याण्णव सालच्या गणेश विसर्जनाला शब्द निघाला 'रेलिक्ट'.

"जुन्या काळी विलायतेत विधवेला असं म्हणत," गुरुजी म्हणाले. "कबरीच्या दगडावर कोरत, अमक्याची रेलिक्ट. म्हणजे त्यानं मागं ठेवलेली."

"अवो, सणासुदीला असलं वंगाळ बोलू नका!"

"आता अर्थ बदललाय. तो उद्या सांगतो." गुरुजींनी पान ठेवून मला मिटलं.

पहाटे धरणी हलली. तान्ही लेक स्वप्नाली रडत होती म्हणून महादेवीबाई तिला घेऊन अंगणात आल्या होत्या. दगडामातीच्या भिंती गुरुजींवर कोसळल्या. ढिगाऱ्यातून मी मात्र धड निघालो, याची मला आजही लाज वाटते.

त्या शब्दानंच घात केला, असं बाईंच्या मनानं घेतलं. त्यांनी मला फडक्यात बांधलं आणि लेकीजवळ कधी अवाक्षर काढलं नाही. पोर लातूरला क्लासला निघाली तेव्हा मला तिच्या ट्रंकेत घालून एवढंच म्हणाल्या, "जपून ठेव बाई. उघडू नको."

न उघडायचं पुस्तक कोण जपणार? मी कॉटखाली धूळ खात पडलो.

एकदा स्वप्नालीनं घरी फोन लावला. "आई, आज सरांनी रेलिक्ट शिकवलं. बाकी सगळं नष्ट झाल्यावरबी तगून राहिलेली जीवांची जात!"

पलीकडून बाईंनी गुरुजींचा सांगायचा राहिलेला तो अर्थ पुन्हा वदवून घेतला. मग म्हणाल्या, "उद्या येते. तुझ्या बापाचं एक सांगायचं राहून गेलंय."

आई येणार म्हणून पोरीनं हरखून खोली आवरली. जुन्या प्रश्नपत्रिकांसोबत मलाही सरदारभाईंच्या रद्दीच्या दुकानात घालून आली.

दुसऱ्या दिवशी दोघी धावत दुकानात आल्या.

"मावशी, लई गठ्ठे बांधलेत. आता कुठं हुडकू?" सरदारभाई हळहळले.

"त्यात तुझ्या बापानं हातानं ठेवलेलं पान हाय गं!" महादेवीबाई लेकीला म्हणाल्या. स्वप्नाली वेड्यासारखी गठ्ठे उपसत राहिली. तिकडं टेम्पो भरत होता.

मित्रांनो, जुनं पुस्तक रद्दीत टाकण्याआधी घरच्यांना विचारा. आणि घरच्यांनो, सांगायचं ते उद्यावर ठेवू नका.

मी टेम्पोत सगळ्यांत खालच्या गठ्ठ्यात होतो. हजारो शब्द पोटात असून मला त्या माउलीला एक हाक मारता आली नाही.