आम्ही कुणाचीही आठवण काढलेली नाही

ताईने कोटाची बाही उलटी केली, खाली टिपकागद सरकवला आणि शाईच्या डागावर मागच्या बाजूने स्पिरिटचे तीन थेंब सोडले. धाकटा भाऊ तिच्या खांद्यामागे उभा राहून टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये डोकावत होता.

"अकराशे चाळीस," तो म्हणाला. "काल एका दिवसात अकराशे चाळीस लोक तुझं पान वाचून गेले."

"त्याला हात लावू नकोस. ओले आहेत तुझे हात."

"अकराशे चाळीस घरांत आज डाग निघतायत, ताई. फुकट! आणि इथे मी दुकानात माश्या मारतोय."

माश्याही फारशा नव्हत्या. लॉन्ड्री त्याची होती, मागची खोली तिची. एकतीस वर्षं ती तिथे डाग काढत होती आणि गेली दोन वर्षं कोणता डाग कशाने निघतो, हे इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लिहीत होती. रोज पाच-सहा जण वाचायचे. गंजाच्या डागावर लिहिलं तेव्हा एकदम अकरा झाले होते, आणि त्या दिवशी तिने दुपारचा चहा बसून प्यायला होता.

तिने टिपकागद बदलला आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला. पान कुणी कुठून उघडलं, किती वेळ वाचलं, याचा तक्ता ती रोज सकाळी बघायची.

"हे बघ. सगळे एकाच वेबसाइटच्या पत्त्यावरून आलेत. आणि थांबले किती? शून्य सेकंद."

"मग? हुशार असतील."

"शून्य सेकंदात डाग निघत नाही, पिटू. धड दिसतसुद्धा नाही. ही माणसं नाहीत. यंत्र लावून कुणीतरी दार वाजवतंय आणि पळून जातंय. कोण आलं होतं ते बघायला आपण त्यांच्या दारात जावं म्हणून."

पिटू चोपन्न वर्षांचा होता आणि वजनाने शंभर किलोंच्या पुढे. त्याला या नावाने हाक मारणारी जगात ती एकटीच उरली होती, आणि तो अधिकार ती मुख्यतः भांडताना वापरायची.

"मला काही सांगू नकोस. रविवारपर्यंत पान बंद कर. नाहीतर तू घरी बस. दोन्ही एका छपराखाली नको."

"पान बंद होणार नाही," ताई म्हणाली आणि चौथा थेंब सोडला.

तो बाहेर गेला आणि काउंटरवरच्या संगणकावर त्याने तोच पत्ता उघडला. तिथे लिहिलं होतं की, तुमच्या धंद्याबद्दल बाराजण बोलत आहेत. कोण ते बघायचं असेल तर नाव नोंदवा. पिटूने नोंदवलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीच्यांची यादी आम्ही बघू का? आपल्याबद्दल बोलणारे आपल्या ओळखीचेच असणार, या बिनतोड विचाराने त्याने होकार दिला. बाराजण शेवटपर्यंत दिसले नाहीत. सहाशे गिऱ्हाइकांचे पत्ते मात्र गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात रांग लागली होती.

आदल्या संध्याकाळीच त्या सहाशे जणांना पिटूच्या नावाने निरोप पोचला होता. 'मी तुमची फार आठवण काढतो. तुमच्यासाठी एक खास गोष्ट राखून ठेवली आहे. तीन दिवसांत आला नाहीत तर मला वाईट वाटेल.' खाली एक बटण. काहींनी ते दाबलं, नाव नोंदवलं आणि काहीच मिळालं नाही म्हणून आले. बाकीचे बटणाच्या भानगडीत न पडता थेट आले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बहुतेकांनी मळके कपडे आणले होते.

अकरा वाजेपर्यंत त्रेचाळीस जण झाले. पिटूच्या कपाळावरच्या आठ्या इस्त्री फिरवल्यासारख्या गेल्या होत्या.

"ताई, चालू दे हे," तो तिला बाजूला घेऊन कुजबुजला. "एवढी रांग कधी बघितली होतीस? पुन्हा निरोप पाठवू का, विचारतायत ते. हो म्हणतो मी. तुझ्या पानाने गिऱ्हाईक घालवलं, यांनी परत आणलं."

"खोटं बोलून."

"आठवण काढतो म्हणण्यात काय खोटं? काढलीही असती एखाद वेळी."

"रांगेतल्या त्या हिरव्या स्वेटरवाल्या बाईंची?"

"कोण त्या?"

"तेच म्हणतेय मी."

तिने शर्टाच्या घडीत घालायचा पुठ्ठा घेतला, जाड पेनाने लिहिलं आणि काउंटरवर उभा केला. 'आम्ही कुणाचीही आठवण काढलेली नाही. काहीही राखून ठेवलेलं नाही. निरोप खोटा आहे. बटण दाबू नका. कपडे मात्र धुतो.'

पिटूने पुठ्ठा उचलून खाली टाकला. तिने दुसरा लिहिला. लॉन्ड्रीत पुठ्ठ्यांना तोटा नसतो. तिसरा त्याने फाडला, चौथ्यावर तो बसला. पाचवा हातात धरून ती रांगेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"रविवार राहू दे," तो म्हणाला. "आजच घरी जा."

"जाते. आधी सगळ्यांचं वाचून होऊ दे."

लोक वाचू लागले. दोघी मैत्रिणी कपड्यांसकट परत फिरल्या. एका उंच माणसाने विचारलं, "म्हणजे माझ्यासाठी काहीच नाही?"

"नाही."

"बरं," म्हणून तोही गेला. पिटू जाणारे मोजत होता. सातवर आला तेव्हा एक निवृत्त न्यायाधीश पुढे झाले. ते दुकानाचे जुने गिऱ्हाईक.

"मी दाबलं ते बटण," ते हळू आवाजात म्हणाले. "यादीलाही हो म्हटलं."

"मग तुमच्या नावानेही निरोप गेले असतील," ताई म्हणाली.

न्यायाधीशांनी मफलर सैल केला. "माझ्या यादीत जुन्या खटल्यांतले पत्ते होते. ज्यांना ज्यांना मी शिक्षा ठोठावली, त्या सगळ्यांना कळवलं गेलंय की मी त्यांची फार आठवण काढतो."

रांगेतले लोक जवळ सरकले.

"आणि खास गोष्ट राखून ठेवलीय," मागून कुणीतरी म्हणालं.

"हो. तीन दिवसांत या, असंही," न्यायाधीश म्हणाले. "चौघांचं उत्तर आलंय. एकजण विचारतोय, वकील आणू का."

आधी मागचे हसले, मग सगळेच. हसता हसता हात वर होऊ लागले. मीही दाबलं. मीपण. एका नर्सचा निरोप घटस्फोट झालेल्या नवऱ्याला गेला होता आणि तो फुलं घेऊन निघाला होता.

"हे थांबवायचं कसं?" नर्सने विचारलं.

निरोप पिटूच्या नावाचा, म्हणून सगळ्यांनी पिटूकडे पाहिलं. पिटूने ताईकडे पाहिलं.

"रद्द करायची जागा आहे," ताई म्हणाली. "तळाशी, पांढऱ्यावर करड्या अक्षरांत लपवलीय. सात पायऱ्या आहेत, एक चुकली की पहिल्यापासून. आज सकाळी चहाआधी शोधून काढल्या. डागाचं लिहिते तसंच सगळं क्रमाने लिहून ठेवलंय माझ्या पानावर."

"पत्ता सांगा," न्यायाधीशांनी खिशातून पेन काढलं.

"तो मालकांना विचारा. पान बंद करायचंय त्यांना. आणि मला घरी जायला सांगितलंय." तिने पुठ्ठा काउंटरवर ठेवला आणि एप्रनची गाठ सोडायला घेतली.

पिटू उठला. गठ्ठ्यातून त्याने कोरा पुठ्ठा ओढला, तिच्यासमोरचं जाड पेन घेतलं आणि वाकून लिहू लागला.

पानाचा पत्ता भलताच विचित्र होता. साधा मिळाला नव्हता म्हणून मध्ये दोन आडव्या रेघा होत्या आणि शेवटी उगाचच एक सात. फोनवर लोकांना दोन-दोनदा सांगूनही चुकायचा. पिटूने दोन वर्षांत तो कधी विचारला नव्हता. आता तो विचारेल म्हणून ताई थांबली.

त्याने विचारलं नाही. सरळ लिहून पुठ्ठा रांगेकडे धरला. दोन्ही रेघा जागच्या जागी होत्या. सातसुद्धा.

ताईने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो छताकडे बघत होता.

तिने एप्रनची गाठ पुन्हा घट्ट बांधली.

"जरा वर धर, पिटू," ती म्हणाली. "मागच्यांना दिसत नाहीये."